गावचा भाव

आप्पा, तुम्ही गेलात तेव्हा तुमचं जे वय होतं ते ओलांडून मला बरीच वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा माझा राग काही म्हातारा झालेला नाही. गुडघे गेले, दात गेले, ऐकायला कमी येतं, राग मात्र धडधाकट आहे. आपल्या गल्लीतली जुनी माणसं अजून तुमचं नाव काढतात. मुनीम असावा तर तसा, म्हणतात, स्वतःच्या माणसालासुद्धा झुकतं माप दिलं नाही. मी मान डोलावते आणि विषय बदलते. कुणाकुणाला सांगत बसायचं? म्हणून आज तुम्हालाच सांगायला बसले आहे. लिहायला मला तुम्हीच शिकवलंत, तेव्हा वाचायची पाळी तुमच्यावर आली तर कुरकुर करू नका.

आपण मूळची मागावरची माणसं. आजोबा सकाळी मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसायचे ते जेवायलाच वर यायचे, आणि तुम्हीही मिशी फुटल्यापासून तेच केलंत. पुढं तुमचं अक्षर मालकांच्या नजरेत भरलं आणि त्यांनी तुम्हाला मागावरून उठवून गादीवर बसवलं. पण अंगठा तुमचा विणकराचाच राहिला. मला धागा जोडायला तुम्ही शिकवलंत तो दिवस मला लख्ख दिसतो. घरच्या मागावर उभ्या धाग्यांचा ताणा चढलेला आहे, आई ओट्यावर रहाट घेऊन आडव्या धाग्याच्या कांड्या भरते आहे, आणि तुम्ही माझं बोट धरून धाग्यावर ठेवता आहात. धागा तुटला की बाकीचे विणकर गाठ मारतात आणि उरलेलं शेपूट दातानं तोडतात. आपल्या घरात शेपूट तोडत नाहीत. ते धाग्यालाच लावून मागं वळवतात आणि पुढच्या विणीत दाबून घेतात. वरून काही दिसत नाही, पण उलट्या बाजूनं अंगठा फिरवला तर बोटभर जागा किंचित भरलेली लागते. "तुझ्या पणजीची रीत हाय ही," तुम्ही म्हणालात, "तोडलेलं शेपूट धुण्यात सुटतंय. ह्ये सुटत न्हाय." मी दिवसभर धागे जोडत बसले आणि तुम्ही प्रत्येक जोडावर अंगठा फिरवून 'व्हय' किंवा 'परत' एवढंच म्हणत होतात. त्या दिवसाइतकं तुमचं लक्ष मला पुन्हा कधी मिळालं नाही.

लग्न करून मी वळसंगला गेले ते तुमच्याच पसंतीनं. मुलगा गरीब आहे पण हात चांगला आहे, असं तुम्ही आईला सांगितलंत, आणि ते खरंच होतं. हात चांगला होता. छाती तेवढी कच्ची निघाली. तिकडं सगळं घरच मागाभोवती फिरायचं. सूत तुमच्या कारखान्याचं, माग आमचा. हप्त्याच्या दिवशी गाडीतनं सोलापूरला यायचं, विणलेली लुगडी द्यायची, पैसे घ्यायचे, नवं सूत घेऊन परत. सासूबाईंना मी अव्वा म्हणायची, कारण घरात अर्धं कानडी चालायचं. दिवस उगवायच्या आत अव्वा, मी आणि शेजारच्या दोघीजणी ताणा गल्लीतनं लांब ताणून धरायचो आणि त्याला खळ लावायचो. त्याला पाजण म्हणतात हे तुम्हाला मी काय सांगणार. ऊन चढायच्या आत ती उरकली नाही तर खळ मध्येच वाळते आणि मग आठवडाभर धागे तुटत राहतात. त्यानंतर स्वैपाक, त्यानंतर कांड्या. माग त्यांचा, कांड्या माझ्या. धोट्यातली कांडी संपली की ते नुसता हात मागं करायचे आणि मी त्यात कांडी ठेवायची. संसार म्हणून जे काही सुख मला मिळालं ते बहुतेक त्या मागं केलेल्या हातातच होतं.

तोवर भाव एकच होता. नऊवारी लुगडं, अमुक काठ, अमुक पदर, त्याचा भाव ठरलेला. कारखान्यात बसून विणा नाहीतर वळसंगात, नाहीतर मैंदर्गीत. मग मंदी आली. मालाचा उठाव बसला, गाठी गोदामात पडून राहिल्या आणि मालक म्हणू लागले की सगळ्यांचाच भाव खाली आणा. तेव्हा तुम्ही तोड काढलीत. हे मला कुणी चुगली करून सांगितलेलं नाही, तुम्हीच वळसंगला आमच्याकडं आला होतात तेव्हा माझ्या नवऱ्याला जेवताना मोठ्या कौतुकानं सांगितलंत. तुमच्या ताटात पिठलं होतं. तुम्ही म्हणालात, "मी मालकास्नी म्हणलं, समद्यांचा कापू नगा. भाव दोन करा. कारखान्यात बसणाऱ्याला कारखान्याचा, भायेर गावी विणणाऱ्याला गावचा. गावात खोलीभाडं न्हाय, भाकरी स्वस्त, दळण स्वस्त. त्यास्नी जरा कमी चालतंय." तुमचे जावई तुमच्यासमोर बसून तीच स्वस्त भाकरी खात होते आणि मान खाली घालून 'व्हय आप्पा' म्हणत होते. तुमच्या पुढ्यात त्यांचं तोंड उघडलेलं मी कधी पाहिलं नाही.

मी तुमच्यावर अन्याय करणार नाही. कारखान्यातल्या लोकांचा भाव त्या तोडीमुळं वाचला, हे कबूल. ते तुम्हाला दुवा देत होते. पण आप्पा, तुम्ही बाहेरच्यांचाच का कापलात ते मला तेव्हाही कळत होतं. कारखान्यातली माणसं एका छपराखाली बसतात. त्यांनी हात थांबवले तर माग बंद पडल्याची शांतता मालकांना गादीवर ऐकू येते. वळसंगात एक माग बंद पडला तर कुणाच्या कानाला कळणार? मैंदर्गीतला माणूस आणि वळसंगातला माणूस एकमेकांना ओळखतसुद्धा नव्हते, ते एकत्र येऊन भांडणार कुठले! तुम्ही नीट बघून, सगळ्यात मऊ जागी सुरी लावलीत. तिथं तुमची मुलगी राहते हे तुम्हाला ठाऊक होतं, आणि तेच तुम्हाला आवडलं असणार, असं मला आज वाटतं. मुलीलाही सोडलं नाही म्हटल्यावर बाकी कुणाला बोलायला तोंड राहिलं नाही.

पहिल्या हप्त्यालाच फरक लागला. लुगड्यामागं थोडेच आणे, पण आमचं सगळं त्या थोड्या आण्यांवरच उभं होतं. किराणा, आमच्या तान्ह्या पोरीचं दूध, अव्वाचं औषध, खळीचं पीठ. घरधनी मागावर जास्त वेळ बसू लागले, दिवा लावून बसू लागले, आणि पावसाळ्यात खड्ड्याच्या ओलीनं त्यांचा खोकला बळावला. एका हप्त्याला त्यांना उठवेनाच. मी धोटा हातात घेतला. गावात बाईनं मागावर बसायची तेव्हा पद्धत नव्हती, बायकांनी करायचं ते मागाच्या अलीकडचं आणि पलीकडचं. अव्वानं दार लोटून घेतलं आणि म्हणाली, "बस तू. कोण इचारलं तर मी बघून घेती." मी बसले. हात आठवत होते. तुम्ही शिकवलेलं काही वाया गेलं नव्हतं.

तुमच्या कारखान्यात एक तेलुगू मामा होते. आपल्याच गल्लीत राहायचे आणि मला लहानपणापासून बिड्डा, म्हणजे लेकरू, म्हणायचे. त्या हप्त्याला लुगडी द्यायला मीच सोलापूरला आले आणि ते गादीवर सूत न्यायला आले होते, तेव्हा मी त्यांच्याजवळ रडले. त्यांनी जरा वेळ तंबाखू चोळली आणि म्हणाले, "बिड्डा, तू माजंच सूत घिऊन जा की. तसलाच काठ काढ. हप्त्याला एकांदं लुगडं माज्या ढिगात जास्त निगालं तर कुणाला कळतंय? मी लई जोरात हाणतो म्हणतील." कारखान्याचा भाव मिळेल तो ते मला आणून देणार होते, स्वतःला काही ठेवणार नव्हते. मी किती जपून विणलं ते लुगडं! फणी झटकून घेतली, काठाचा एक धागा इकडचा तिकडे होऊ दिला नाही. कारखान्यात घडी कशी घालतात, पदर कुठं मोडतात, तेसुद्धा मामांना विचारून तसंच केलं आणि घडी त्यांच्या हाती दिली. सगळं केलं. फक्त धागा तुटला की हात आपोआप काय करतो, तिकडं माझं लक्षच गेलं नाही. आपण श्वास कसा घेतो ते कोण बघत बसतं?

तो हप्ता मला अजून स्वप्नात पडतो. नवऱ्याला ताप होता म्हणून घरची नेहमीची लुगडी घेऊन मीच आले होते. गादीसमोर गावोगावची माणसं बोचकी घेऊन उभी, मी त्यांच्यामागं पदर पुढं ओढून. मैंदर्गीचा एक म्हातारा तुमच्याशी वाद घालत होता. "मुनीमजी, काठ त्योच, पदर त्योच, वजन त्येच. मग आमचा भाव कमी का म्हून?" तुम्ही चिडला नाहीत. तुम्हाला चिडायची कधी गरजच पडली नाही. तुम्ही शेजारच्या कारखान्याच्या ढिगातलं एक लुगडं काढलंत, सगळ्यांसमोर फडकन उलगडलंत आणि म्हणालात, "ह्ये बघा. डोळं भरून बघा. ह्याला म्हणत्यात कारखान्यातलं काम. काठ बघा कसा तलवारीगत सरळ गेलाय. तुमच्या गावात आसं एक तरी निगतंय का, सांगा की!" म्हातारा वाकून काठावरून बोट फिरवत बघत होता. ते लुगडं माझं होतं, आप्पा.

आयुष्यात तुम्ही माझं एवढं कौतुक कधी केलं नव्हतंत. माझा ऊर भरून आला. खोटं कशाला सांगू, भाव, नवऱ्याचा ताप, सगळं विसरून मी तिथं नुसती उभी होते आणि मनात म्हणत होते, अजून बोला, अजून थोडं बोला. आणि तुम्ही बोलता बोलता सवयीनं कापडाच्या उलट्या बाजूनं अंगठा फिरवत होतात. तो थांबला. पुन्हा मागं गेला, पुन्हा तिथंच थांबला. तुम्ही वर पाहिलं नाहीत. माझ्याकडं तर नाहीच. लुगड्याची घडी घातलीत, सावकाश, चारी कोपरे जुळवून, आणि ते कारखान्याच्या ढिगात न ठेवता उचलून गावच्या ढिगावर ठेवलंत. म्हाताऱ्याला वाटलं मुनीमजींचा हात चुकला. तो सांगायलाही गेला, "मुनीमजी, त्ये तिकडलं." तुम्ही म्हणालात, "न्हाय. हिकडलंच." लुगडं तेच होतं, त्याचा काठही तेवढाच सरळ होता. चारचौघांदेखत ज्याला तुम्ही डोक्यावर घेतलंत त्याचाच भाव तुम्ही तिथल्या तिथं उतरवलात, आणि तुमचा चेहरा हलला नाही.

मामांना तुम्ही त्या दिवसापासून ताणा दिला नाहीत. हाकललं नाहीत, हाकललं असतं तर बोभाटा झाला असता. नुसता ताणा नाही. माणूस रिकाम्या मागासमोर रोज येऊन बसतो, बाकीच्यांचे माग चालताना बघतो आणि संध्याकाळी घरी जातो. एका माणसाला किती दिवस तसं बसवेल? त्यांनी शेवटी बायकापोरं घेऊन गाव सोडलं. जाताना मला भेटायला ते थेट वळसंगापर्यंत आले आणि मलाच धीर देऊन गेले.

पण त्याआधी, लुगडं उतरवलंत त्याच दिवशी दुपारी, मी तुमच्या घरी आले होते. तुम्ही जेवायला बसला होतात. आई भाकरी थापत होती. मी भिंतीला टेकून उभी राहिले आणि विचारलं, "आप्पा, लुगडं वाईट हुतं का?"

"न्हाय," तुम्ही म्हणालात.

"मग?"

"लुगड्याचा प्रश्नच न्हाय. मी लुगड्याला भाव देत न्हाय, बसण्याला देतोय. हितला माणूस दिसभर माज्या म्होरं बसतोय. कवा आला, कवा उटला, मला दिसतंय. मालकाला नेमक्या दिशी माल पायजे. तुमी गावची माणसं पेरणीला माग बंद ठिवता, जत्रंला ठिवता. मला हितं बसून काय कळणार?"

"आमी काय घरी हुबं ऱ्हाऊन विणतो व्हय? आन् पाजण कोण करतंय आमच्याकडं? कांड्या कोण भरतंय? कारखान्यात त्या कामाला तुमी येगळी माणसं ठिवलीत. त्यास्नी पैसं देता की न्हाय? आमच्या भावात त्ये कुटं हाय?"

तेव्हा तुम्ही भाकरीचा तुकडा मोडत, अगदी साधेपणानं म्हणालात, "त्ये घरातलं काम. त्ये बायका करत्यात." तुमच्या आवाजात तिरस्कार असता तर मी एखादवेळी विसरले असते. तो नव्हता. बायका पाजण करतात, कांड्या भरतात, विहिरीला पाणी असतं, तसं. आईचा हात परातीत थांबला. ती तुमच्यासमोर कधी बोलायची नाही, आणि त्या दिवशीही ती तुमच्याकडं बघून बोलली नाही. पिठाकडंच बघत म्हणाली, "म्या जन्मभर भरलेल्या कांड्या कुणाच्या खात्यावर गेल्या मग?" तुम्ही ताट सरकवून उठलात. हात धुताना म्हणालात, "आज पोरीला दिला, की उद्या समदा कारखाना मला इचारणार. तू माझं नाव घालवाय निगालीस." तुमचं नाव! मी नवऱ्याची छाती वाचवायला आले होते आणि तुम्ही तुमचं नाव सांभाळत होतात.

चार दिवसांनी वळसंगच्या मोटारीतनं ज्वारीचं पोतं आलं. हमालानं ते दारात टाकलं आणि म्हणाला, मुनीमजींनी दिलंय, पदरचं. पदरचं म्हणजे तुमच्या पगारातलं. मालकांच्या पैशाला तुम्ही हात लावला नव्हतात, हे त्या हमालालासुद्धा बजावून सांगितलेलं दिसत होतं. माझं डोकं फिरलं. हक्काचं मागितलं तेव्हा नियम आडवा आला आणि आता हे दान? मी पोतं उलट्या मोटारीनं परत पाठवायला निघाले होते. अव्वा उंबऱ्यात येऊन उभी राहिली. "होगली बिडु," म्हणाली, जाऊ दे, सोड. "ज्वारीनं काय पाप केलंय?" आणि तिनं ते एकटीनं ओढत आत नेलं. आम्ही ती ज्वारी खाल्ली. पोतं संपेपर्यंत रोज खाल्ली. प्रत्येक भाकरीला तुमच्या चांगुलपणाचा वास येत होता, आणि भूक लागलेली असल्यामुळं मी ती थुंकूनही टाकू शकले नाही. तुम्हाला वाटलं असेल की तुम्ही मुलीला सांभाळलंत. आप्पा, त्या पोत्यापेक्षा ते थोडे आणे मला जास्त पोटभर झाले असते.

पुढं माझ्या नवऱ्यानंच ठरवलं की कारखान्यात बसायला जातो. मी नको म्हणाले, छातीचं कारण सांगितलं. ते म्हणाले, "तुजं आप्पा बसण्याचा भाव देत्यात न्हवं? मग बसतो की." आमच्या घरात एवढा कडू विनोद त्यांनी एकदाच केला. तुम्ही त्यांना माग दिलात. मामांचा रिकामा पडलेला माग. सासऱ्याच्या घरी राहायचं नाही म्हणून ते परगावच्या विणकरांबरोबर एका खोलीत राहिले, खाणावळीत जेवले, आणि खोलीचं नि खाणावळीचं वजा करून जे वळसंगला यायचं ते गावच्या भावाइतकंच भरायचं, कधी त्याहून कमी. मला घरी कांड्या भरायचं काम उरलं नाही. माग नुसता उभा होता. अव्वाची शेळी एकदा खड्ड्यात पडून पाय मोडून बसली, तेव्हा आम्ही दोघींनी मागाची लाकडं सोडून बाजूला लावली आणि अंगणातली माती पाट्यांनी आणून खड्डा बुजवला. अव्वानं वरनं शेण सारवलं. पुढं कितीतरी दिवस तेवढी जागा बाकीच्या जमिनीपेक्षा ओली दिसायची आणि मी येता-जाता तिला वळसा घालायची.

ते परत आले ते खोकतच आले. फार काढले नाहीत. सगळा दोष तुमच्या गळ्यात घालत नाही, छाती त्यांची आधीपासूनच कच्ची होती, हे मी वर लिहिलंच आहे. पण घरी राहिले असते तर माझ्याजवळ राहिले असते, माझ्या हातचं खाल्लं असतं, थकले असते तेव्हा मी मागावर बसले असते. दोन भावांच्या मधल्या त्या थोड्या अंतरात माझा संसार पडला. तुम्ही त्यांच्या दिवसांना आलात, सगळं नीट केलंत, खर्चही तुम्हीच केलात. लोक पुन्हा एकदा म्हणाले, बाप असावा तर असा. अव्वाही त्यांच्या पाठोपाठ गेली, आणि मी पोरीला घेऊन सोलापूरला तुमच्या घरी आले, कारण दुसरीकडं कुठं जाणार होते? आई तोवर राहिली नव्हती. तुमचा स्वैपाक माझ्याकडं आला. मी तो चांगला केला, त्यात कसूर केली नाही. तुमच्याशी बोलायचं तेवढं बोलत होते आणि तुम्ही त्याला माझा समंजसपणा म्हणत होतात.

मग तुमचे पाय गेले. वातानं गुडघे धरले आणि कारखान्याच्या पायऱ्या तुम्हाला चढवेनात. मालकांना तुमच्यासारखा हिशेबाचा माणूस मिळत नव्हता, म्हणून वह्या घरी यायला लागल्या. कारखान्यातला एक माणूस सकाळी आणून द्यायचा, संध्याकाळी न्यायचा. तुम्ही ओसरीवर लोडाला टेकून तेच काम करत होतात, उलट जास्तच करत होतात, कारण आता उठून जायचं म्हणून कुठं नव्हतं. पगाराच्या दिवशी तो माणूस आला, पैसे तुमच्यापुढं ठेवले आणि तिथंच उभा राहिला. मी दारातच होते. तुम्ही मोजलेत, परत मोजलेत. तो म्हणाला, "मुनीमजी, मालक म्हणलं, घरी बसून लिवायचं तर आपला त्यो दुसरा भाव हाय की. तुमीच ठरीवल्याला." बिचाऱ्याच्या कपाळाला घाम आला होता. तुम्ही पैसे कनवटीला लावलेत. "बराबर हाय," म्हणालात. "नियम हाय." तुमचा आवाज इतका सरळ होता, की तुम्हाला लागलं की नाही ते मला आजतागायत कळलेलं नाही. तो माणूस गेल्यावर तुम्ही बराच वेळ वही उघडी ठेवून बसला होतात, लेखणी मात्र हातात नव्हती.

मी आत गेले. शेंगदाणे भाजले, सोलले, गुळाबरोबर कुटले, वेलदोडा घातला, जो आपल्या घरात सणालाच निघायचा. कणीक मळून घेतली आणि एकापाठोपाठ एक शेंगापोळ्या लाटल्या. पोरगी येऊन विचारायला लागली, आज काय आहे, तिला मी गप्प बसवलं. तुमच्या ताटात दोन वाढल्या, वर तुपाची धार धरली. तुम्ही ताटाकडं बघितलंत, माझ्याकडं बघितलंत आणि तुमचे डोळे भरले. मी तुमचे डोळे भरलेले त्याआधी पाहिले नव्हते, आई गेली तेव्हाही नाही. तुम्ही दोन्ही खाल्ल्यात आणि तिसरी मागून घेतलीत. पुढं जो कोणी समाचाराला यायचा त्याला तुम्ही ते सांगायचात. पगार कापला त्या दिवशी माझ्या पोरीनं मला गोडाचं करून घातलं, म्हणायचात, माझं मन मोडू नये म्हणून. मरणाच्या आदल्या आठवड्यात वैद्यालाही सांगितलंत. मी जवळच असायची, कधी पाणी घेऊन, कधी औषध घेऊन, आणि तोंडातनं अक्षर काढायची नाही.

हा कागद घडी करून मी ठेवणार नाही, चुलीत घालणार आहे. तुम्हाला कळायचं ते कळो, न कळायचं न कळो. आप्पा, मी त्या पोळ्या तुमचं मन राखायला केल्या नव्हत्या. मला आनंद झाला होता.